अडीच आटे

श्रावण लागला की आमच्या इब्रामपूरच्या घरी पाट यायला लागतात. कुणी स्कूटरच्या पुढ्यात उभा करून आणतं, कुणी भर पावसात डोक्यावर छत्रीसारखा धरून. आमच्याकडे गणपती दुकानातून उचलून आणायची रीत नाही. आपल्या घरचा पाट चित्रशाळेत नेऊन ठेवायचा, त्याच्यावर मूर्ती घडायची, आणि चवथीला त्याच पाटावरून देव घरी जायचा. पाटाच्या खालच्या अंगाला खडूनं घराण्याचं नाव. काही पाट इतके जुने की एक पाय वाळवीनं खाल्लेला, पण बदलतील तर शपथ. यंदा ओसरीवर चाळीसेक पाट भिंतीला टेकून उभे आहेत, आणि त्यातले निम्मे सर्वणचे आहेत. सर्वण माझं माहेर. तिथली चित्रशाळा माझ्या बाबांची. बाबा जाऊन दोन वर्षं झाली, शाळेला कुलूप लागलं, आणि तिथल्या माणसांनी आपापले पाट उचलून माझ्या दारात आणले. नाही म्हणायला तोंड उघडलं तर म्हणाले, "बाय, हात तोच न्ही तुजो."

हात तोच. खरं आहे, आणि त्याचीच मला भीती वाटते.

लोकांना चवथीचे दिवस म्हणजे नेवऱ्या, देवावर टांगायच्या माटोळीला बांधायची फळं, भजनं. मला या दिवसांत एक आवाज आठवतो, आणि त्या आवाजाच्या आधीची शांतता. ती शांतता मी केली होती. आवाजाचं खापर माझ्या भावाच्या माथ्यावर फुटलं, आणि मी अकरा वर्षं मिठाची गुळणी धरून बसले. आता सांगते आहे, कारण यंदा आमच्या घरात कॉम्प्रेसर आला.

गेल्या चवथीला माझा उजवा खांदा धरला. पाच फुटांच्या मूर्तीला ब्रशनं पांढऱ्याचे दोन हात द्यायचे म्हणजे हजार वेळा हात वर आणि हजार वेळा खाली. डॉक्टरनं सांगितलं, ब्रश सोडा. माझा नवरा पेडण्याला कचेरीत आहे, शांत माणूस. तो म्हणाला, स्प्रे गन घे, कॉम्प्रेसर घे, सगळे घेतात. आणि रोज जेवताना फोनवर एकेक यंत्र दाखवायला लागला. हा चोवीस लिटरचा, हा पन्नासचा, हा तेलाचा, हा बिनतेलाचा, हा मुका. मी ताट उचलून आत जायची. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. मी ताकाचं भांडंच घराबाहेर ठेवलं होतं. एकदा मी फोन त्याच्या हातातून हिसकून ओसरीवरून अंगणात भिरकावला. तो भिजत गेला आणि फोन पुसत परत आला. माझा राग कुठून आला हे त्याला ठाऊक आहे, त्यानं बाबांना पाहिलं आहे.

बाबांचे हात दोन प्रकारचे होते. मूर्तीवर फिरायचा तो हात इतका हलका की ओल्या मातीवर बोटाचा ठसा उठत नसे. तोच हात माणसावर पडला की पाच बोटं दोन दिवस गालावर राहत. आईनं तो हात सोसला, मी सोसला, सगळ्यात जास्त दादानं सोसला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. डिचोलीत टिप्पर दुरुस्त करणाऱ्या गॅरेजात तो मेस्त होता. खाणी बंद पडल्या, टिप्पर जागच्या जागी गंजायला लागले, गॅरेजाला कुलूप लागलं, आणि सव्वीस वर्षांचा दादा बाबांच्या हाताखाली माती मळायला बसला. मातीत त्याचं मन कधीच नव्हतं. त्यानं एक दिवस भंगारातल्या टिप्परची ब्रेकची हवा भरायची टाकी आणली, त्यावर मोटार बसवली, पट्टा चढवला, आणि आमच्या शाळेत कॉम्प्रेसर आला. बाबा आधी म्हणाले, "देवाक वारो मारून रंगयतलो?" मग पहिल्या मूर्तीचा पितांबर पाहिला, त्यावर ब्रशचा एक ओरखडा नव्हता, आणि ते गिऱ्हाइकांना स्वतःहून मशीन दाखवायला लागले. दादाला मात्र एका शब्दानं शाबासकी नाही.

त्या यंत्राच्या दोन खोडी होत्या. दाबाचा काटा पहिल्या पावसाळ्यातच मेला. टाकी भरली हे दादा सेफ्टी वाल्वच्या आवाजावरून ओळखायचा. दाब चढला की वाल्व ‘फट्ट फुस्स’ करून उडायचा, दादा येऊन मोटार बंद करायचा. दुसरी खोड खरं तर आमची. टाकीच्या पोटाखाली पाणी सोडायची तोटी होती. कोकणातल्या हवेत टाकीत पाणी साचतंच, ते रोज सोडायला हवं. पण तोटी उघडली की तांबडं गंजाचं पाणी शेणानं सारवलेल्या जमिनीवर पाटांच्या पायांशी पसरायचं, आणि बाबा ओरडायचे. म्हणून ती कोणी उघडेना. उलट चवथ झाली की मूर्तींचा उरलेला रंग आम्ही टाकीला फासायचो. देवाचा रंग फेकायचा नसतो ना. एक वर्ष गुलाबी, एक वर्ष मोरपिशी, एक वर्ष पिवळा. दसऱ्याला वरून झेंडूची माळ. टाकी बाहेरून नवरीसारखी, आणि आतून तिचं काय झालं होतं ते आम्ही पुढे तुकडे वेचताना पाहिलं.

चित्रशाळेत एक नियम असतो. डोळ्यांची आखणी चालू असताना कुणी बोलायचं नाही, कुणी ठोकायचं नाही. डोळे उघडले की मातीचा देव होतो, त्या घटकेला हात कापायचा नाही. बाबा आखणीला बसले की दादा मशीन बंद ठेवायचा. त्या वर्षी मात्र नऊ दिवस पाऊस उघडला नाही. माती वाळेना. मूर्तींभोवती बल्ब लावून आम्ही त्यांना शेकत होतो, पाऊस कौलांवर दगड मारल्यासारखा पडत होता, मांडवीच्या बाजूनं वारा येऊन जनेलाचं तावदान आपटून फुटलं. चवथ आठ दिवसांवर. एका बाजूला रंग आणि दुसऱ्या बाजूला आखणी एकदम चालवण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

सकाळी दहाच्या सुमाराला बाबा पाच भावांच्या एका मोठ्या घराण्याच्या मूर्तीचा उजवा डोळा आखत होते. बाहेरच्या खोलीत वाल्व उडाला. बाबांचा हात हलला आणि काळी रेघ डोळ्याच्या कोपऱ्यातून थेट गालावर उतरली. मी शेजारच्या मूर्तीला पांढरा देत होते. मी ती रेघ पाहिली, आणि पुढं काय होणार तेही.

बाबांनी ब्रश नीट पाण्यात ठेवला. हे मला अजून दिसतं, त्यांनी ब्रश फेकला नाही. मग बाहेर गेले. पहिल्या थपडेला दादाच्या हातातली गन पडली. मग त्यांनी रंग ढवळायचा बांबू उचलला. पाट घेऊन आलेली दोन गिऱ्हाइकं पायरीवर उभी होती, त्यांनी नजर पावसाकडे वळवली. दादा बाबांपेक्षा हातभर उंच होता. त्यानं हात वर केला नाही, मागं सरला नाही, नुसता उभा राहिला. बांबू मोडला तेव्हा बाबा थांबले आणि म्हणाले, "आनीक एकदां तो आवाज जांव दी, तुका ह्याच टाकयेत भरून उडयतां." मग आत येऊन त्यांनी नवा ब्रश घेतला. दादा विहिरीवर तोंड धुवायला गेला. त्याच्या कानामागून रक्त येत होतं.

मी तेवीस वर्षांची होते. मला एवढंच कळत होतं की तो आवाज पुन्हा होता कामा नये. दादाची पान्यांची पिशवी तिथंच होती. वाल्ववर एक नट होता, आतली स्प्रिंग आवळायचा. दादा बसवत असताना मी समोर बसून पाहिलं होतं. मी पाना लावला आणि फिरवला. एक आटा, दोन आटे. अजून थोडा जात होता, म्हणून आणखी अर्धा. मग पाना पुसून पिशवीत ठेवला. मला फार बरं वाटलं. दादाला मी वाचवलं असं वाटलं.

जेवणं झाल्यावर दादानं मोटार चालू केली आणि पिवळा रंग कालवायला बसला, वाल्व नुसता फुसफुसला की उडायच्या आत मोटार बंद करायची म्हणून कान लावून. मोटार चालत राहिली. पट्ट्याचा आवाज जड होत गेला. आत बाबा दुसरा डोळा आखत होते, आणि मी मनात म्हणत होते, बघा, कशी शांतता आहे. थोड्या वेळानं दादा उठला. आवाज का येत नाही म्हणून वाकला आणि टाकी किती तापली ते बघायला डावा तळहात तिच्यावर ठेवला.

तो आवाज मी कानांनी ऐकला नाही, अंगानं ऐकला. भिंत माझ्या अंगावर आल्यासारखी वाटली. कौलं वर गेली आणि पावसाबरोबर खाली आली. बल्ब फुटले. टाकीचं एक झाकण जनेलातून निघून अंगणातल्या माडात रुतलं होतं, ते दुसऱ्या दिवशी सापडलं. अकरा मूर्ती जमिनीवर होत्या, कुणाची सोंड, कुणाचा हात, पिवळ्या रंगात आणि गुलाबी पाण्यात. ते पाणी गुलाबी का आहे हे मला लगेच कळलं नाही. दादा भिंतीशी बसला होता, डावा हात मांडीवर धरून, आणि त्या हाताला अंगठा आणि करंगळी एवढंच उरलं होतं. तो आमच्याकडे बघत होता, पण आम्ही काय बोलतो ते त्याला ऐकू येत नव्हतं. डावा कान तर कायमचाच गेला.

बाबा आतून आले. त्यांनी आधी मूर्तींकडे पाहिलं. म्हणाले, "अकरा." मग दादाकडे पाहिलं. या एका शब्दासाठी मी बाबांना कधी माफ केलं नाही, ते गेले त्या दिवशीसुद्धा नाही.

पुढं गावभर तेच झालं. भंगाराची टाकी, पुतानं घर उडवलं. दादानं टाकीचे तुकडे हातात घेऊन पाहिले. बाहेरून गुलाबी, मोरपिशी, पिवळ्या रंगाचे पापुद्रे आणि आतून पत्रा गंजून पापडासारखा पातळ झालेला. तो म्हणाला, "टाकी म्हजी. चूक म्हजी." वाल्व त्याला सापडला नाही. तो मला सापडला होता, तुळशीमागं, नट तसाच आवळलेला. मी तो विहिरीत टाकला. बाबांच्या भीतीनं टाकला, खोटं कशाला बोलू. पुढल्या वर्षी माझं लग्न झालं आणि भीतीची जागा सवयीनं घेतली. दादा घर सोडून केरीला गेला, मावशीच्या घरी. तिथं तो रापणीच्या जाळ्यांची दुरुस्ती करतो, दोन बोटांनी जाळं ताणून धरतो आणि उजव्या हातानं विणतो. सायकलीत हवा भरायचीसुद्धा दुसऱ्याला सांगतो.

या श्रावणात मी त्याला भेटायला केरीला गेले. समुद्र सुरूच्या मुळांपर्यंत आला होता. आडवी झालेली झाडं लाटा उचलून किनाऱ्यावर आपटत होत्या, पुन्हा ओढून नेत होत्या, पुन्हा आपटत होत्या. मी दादाच्या उजव्या बाजूला बसले, तिकडून त्याला ऐकू येतं. म्हटलं, "माका कॉम्प्रेसर घेवचो आसा. म्हापशाक चल म्हज्यावांगडा."

"माका त्या मशिनीचें नांव सांगूं नाका," तो म्हणाला.

"बरें. हांव एकटीच वतां. दुकानदार दितलो तो हाडटां."

त्यानं जाळं खाली ठेवलं. म्हणाला, "एकटी गेल्यार तुका कितेंय गळ्यांत मारतले. कितें रंगयतलें? मोटी गन काय ल्हान?"

म्हापशाच्या दुकानात मी अकरा वर्षांनी माझा जुना भाऊ पाहिला. त्यानं रंगाकडे, चाकांकडे ढुंकून पाहिलं नाही. विचारलं, मिनिटाला हवा किती फेकतो, आकडा मोटारीचा नको, हवेचा सांगा. मोठी गन हवा खाते, टाकी लहान घेतली तर मोटार ऊर फुटेस्तोवर धावणार. तेलाचा घेतला तर टिकेल, पण तेलाचा थेंब हवेतून रंगात गेला की पितांबरावर माशाच्या डोळ्यांसारखे गोल डाग पडतात, तेव्हा बिनतेलाचा बरा. आमच्या घरचा मीटर साधा, पावसात व्होल्टेज पडलेलं, दोन हॉर्सपॉवरच्या वर जायचं नाही. पाणी अडवायचा फिल्टर गनच्या आधी हवाच. शेवटी तो जमिनीवर बसला, नव्या टाकीखाली हात घालून त्यानं तोटी चाचपली आणि दोनदा उघडझाप केली.  मी मागं उभी होते आणि मला रडू येत होतं, कारण एवढं सगळं या माणसाच्या आत अकरा वर्षं कोंडून पडलं होतं.

दुकानदार म्हणाला, "सेफ्टी वाल्व फॅक्टरींतल्यान सीलबंद येता, बाय. ही कडी ओडून तपासपाची, बस. हेर कितें करूंक मेळना."

माझ्या तोंडून सुटकेनं निघून गेलं, "बरें जालें. म्हणजे हो कोणाक आवळूंक येवचो ना."

दादा बसल्या जागी थांबला. मग उजवा कान माझ्याकडे करून हळू म्हणाला, "आवळूंक?"

मी पर्समधले पैसे मोजायला लागले.

"तो आवळूंक येतालो तें तुका खबर आसलें?"

त्या नटाचं दादानं कुणाला कधी सांगितलं नव्हतं, आणि त्याच्या लेखी मी समोर बसून बघणारी धाकटी बहीण होते, तिला काय कळणार. त्याला एका क्षणात सगळं कळलं. मी त्याचा चेहरा बघत होते.

"किती?" त्यानं विचारलं.

"अडीच आटे." मग मी म्हटलं, "बाबा परत तुका मारतले म्हणून रे."

तो उठला. मी डोळे मिटून घेतले आणि गाल पुढं केला. मला मार हवा होता, दुकानात, चार लोकांसमोर, बाबांनी दिला तसा हवा होता. काहीच झालं नाही. डोळे उघडले तेव्हा तो दुकानदाराला सांगत होता, हाच द्या, आणि टेम्पोत आडवा घालू नका. परतीच्या वाटेवर तो कोलवाळच्या पुलावर उतरला आणि केरीची बस पकडून गेला.

चार दिवसांनी तो इब्रामपूरला आला, पिशवी घेऊन. चहा नको म्हणाला. ओसरीवर यंत्र लावलं, तोटी उघडून बंद केली, मोटार चालू केली. मी पांढरा संपवलेल्या एका मूर्तीकडे बोट दाखवून म्हणाला, "बस. डोळे आंख."

"मशीन चालू आसा, दादा."

"बस म्हणटां न्ही."

मी बसले. नियम मोडून बसले. श्वास धरून उजव्या डोळ्याची वरची रेघ काढली, खालची काढायला घेतली, ब्रशचं टोक कोपऱ्यात टेकलं, आणि त्याच घटकेला दादानं वाल्वची कडी ओढली.

फट्ट फुस्स.

काळी रेघ गालावरून खाली उतरली. थेट तशीच. आणि मी उठले. माझ्या पायांत, दंडांत, मुठीत जे आलं ते माझं नव्हतं, ते मला ओळखीचं होतं. धरलेला खांदा कुठं गेला कुणास ठाऊक, माझा उजवा हात वर गेला, पाच बोटं उघडी. मी ब्रश मात्र नीट पाण्यात ठेवला होता.

दादा कडी धरून उभा होता. तो मागं सरला नाही. त्या दिवशी उभा होता तसाच उभा राहिला, माझ्याहून हातभर उंच, आणि वाट बघत होता.

माझा हात खाली यायला फार वेळ लागला.

त्यानं मोटार बंद केली. बालदीत फडकं बुडवलं, पिळलं, आणि माझ्यापुढं धरलं. म्हणाला, "रंग ओलो आसा. पूस." मग मूर्तीच्या गालाकडे बघत, मला की बाबांना सांगत होता कोण जाणे, म्हणाला, "डोळो परत आंखूंक येता, बाय."

फडकं त्यानं डाव्या हातात धरलं होतं, अंगठा आणि करंगळीत. मी ते घेतलं आणि रेघ पुसली.